डब्लिनचे कॉडल : एका गरीब कालवणाची हकीकत

गेल्या वर्षी इयत्ता नववीच्या वर्गात आम्ही जगातील मोठ्या दुष्काळांविषयी बोलत होतो. आयर्लंडात १८४५ साली बटाट्याचे पीक कुजले, लाखो माणसे अन्नावाचून मेली, लाखो जहाजांत बसून परदेशी गेली, इतके सांगून आम्ही पुस्तक मिटणार, तोच मागल्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, पण ज्या वर्षी पीक चांगलं यायचं, त्या वर्षी ती माणसं बटाट्याचं काय करून खायची?” वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो, परंतु उत्तर आमच्यापाशी नव्हते. इतकी वर्षे हा विषय शिकवीत असता माणसे मेली किती हे आम्ही बिनचूक सांगत आलो, पण ती जिवंत असताना त्यांच्या पानात काय पडत असे, हा विचार मनास कधी शिवला नव्हता. त्या दिवसापासून जे वाचले, विचारले आणि अखेरीस स्वतःच्या चुलीवर करून पाहिले, ते येथे देत आहोत. या प्रकारात डुकराचे मांस येते. ज्यांच्या घरी ते वर्ज्य आहे, अशा आमच्या पुष्कळ वाचकांनी केवळ माहिती म्हणून हा लेख वाचावा. ज्यांच्या घरी कोणतेच मांस शिजत नाही त्यांनीही तसेच करावे, अशी विनंती आहे.

प्रथम त्या काळच्या खेडुताविषयी. त्याचे जेवण म्हणजे उकडलेले बटाटे, मीठ आणि ताक. समुद्राजवळ राहणारा असेल तर कधीमधी खारवलेला मासा. धट्टाकट्टा मजूर दिवसाकाठी पाच किलोच्या आसपास बटाटे खाई, हे वाचून मुलांना नवल वाटते. पण आपल्याकडील एखाद्या नांगरधाऱ्याने तीनही वेळच्या भाकरी एकत्र मांडून दाखविल्या तर तेही नवलच वाटेल. एवढ्या बटाट्यांवर व ताकावर माणूस खरोखर धडधाकट राहत असे. थोडक्या जमिनीत कुटुंबाची बेगमी होई, म्हणून जमीन जितकी कमी तितका बटाट्यावर भार अधिक. त्यातही गरिबांच्या शेतात बहुतेक ‘लंपर’ नावाची एकच जात होती. बटाटा बियांनी लावीत नाहीत, डोळा असलेल्या फोडींनी लावतात. म्हणून एका जातीची सर्व झाडे जणू एकाच झाडाच्या फांद्या असतात. एकास जो रोग मारील तो सर्वांस मारील.

आता त्या मुलाच्या प्रश्नातील खरी मेख. त्या खेडुताच्या झोपडीत डुक्करही असे. बटाट्याची साले, चुरा, फुटके बटाटे खाऊन ते वाढे. परंतु त्याचे मांस त्या घरी क्वचितच शिजे, कारण ते विकून जमीनदाराचा खंड भरावयाचा असे. डुक्कर हा घरातील भाडेकरू नव्हे, भाडे भरणारा होता. हे आम्ही वर्गात सांगितले तेव्हा मुले गप्प झाली, कारण त्यांना ते समजावून सांगावे लागले नाही. खटाव-माण भागातून आलेल्या कितीतरी मुलांची फी दारच्या शेळीने भरलेली असते. आमच्या स्वतःच्या दहावीच्या वर्षी वसतिगृहाचे पैसे भरण्यासाठी घरची पांढरी पाट विकली होती. ती विकली त्या दिवशी घरात मटण शिजले नाही हे सांगावयास नकोच. आमच्या आईने पिठले केले होते.

१८४५ च्या सप्टेंबरात आयर्लंडातील बटाट्याची पाने काळी पडू लागली आणि जमिनीतील कंद कुजून दुर्गंधी सुटली. थंड, दमट, ढगाळ हवेत हा रोग वणव्यासारखा पसरतो. आपले शेतकरी त्यास उशिरा येणारा करपा म्हणतात. टोमॅटोवरही तोच पडतो. ही बुरशी रोगाचा परिणाम नसून रोगाचे कारणच आहे, असे १८४६ साली बर्कली नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने ठासून सांगितले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याने ते मांडले, पण तेव्हा फारच थोड्यांचा त्यावर विश्वास बसला. तोवर दुसरेही पीक गेले. पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व तापाच्या साथींनी मेली आणि तितकीच किंबहुना अधिक देश सोडून गेली. त्याच काळात त्याच देशातून धान्य आणि जनावरे जहाजांत भरून बाहेर जात होती. १८४१ साली त्या बेटावर ८० लाखांहून अधिक वस्ती होती. तो आकडा आजवर पुन्हा गाठला गेलेला नाही. या संकटात मदतीसाठी १८४६ च्या आरंभी आपल्या कलकत्त्यात निधी उभारला गेला होता. तेथील आयरिश सैनिकांबरोबर हिंदी लोकांनीही त्यात पैसे घातले. इकडे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सातारा, सोलापूर, पुणे, अहमदनगर हे जिल्हे होरपळले आणि तेव्हाही आगगाडीने धान्य बाहेर जातच होते. घरोघरच्या वडीलधाऱ्यांस १९७२ चा दुष्काळ आठवतो. खडी फोडायला जाणे, रेशनवरचा अमेरिकेचा तांबडा मिलो, आणि सुकडी. ज्या पालकांनी ती सुकडी खाल्ली असेल त्यांनी आपल्या मुलांस तिची चव सांगावी. पुस्तकात ती सापडत नाही.

तासगावकडील मुलांसाठी येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांच्या वडिलांच्या द्राक्षबागेत मोरचूद आणि चुना मिसळून जे निळे पाणी फवारतात, त्याचे नाव बोर्डो मिश्रण. फ्रान्सातील बोर्डो परगण्यात द्राक्षवेलींवर पडणाऱ्या केवड्यावर ते लागू पडते, असे मिलार्दे या शास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केले. केवडा आणि करपा हे एकाच गोत्रातील असल्यामुळे तेच पाणी बटाट्यासही तारू लागले. आयर्लंडास ते चाळीस वर्षे उशिरा मिळाले. ज्या पिचकारीच्या निळ्या डागांमुळे तुमचे शाळेचे सदरे खराब होतात, ती वस्तू इतकी मोठी आहे.

आता कॉडल. हे खेड्यातील नव्हे, डब्लिन शहरातील कामकरी लोकांचे कालवण. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ खळखळा न उकळता मंद आचेवर हळूहळू शिजविणे असा आहे, आणि पाककृतीचे सारे रहस्य त्या नावातच आले. शहरात डुकराच्या मांसाचे कसाई असत. त्यांच्याकडे सॉसेज आणि बेकनचे तुकडे स्वस्तात मिळत. सॉसेज म्हणजे स्वच्छ केलेल्या आतड्याच्या पातळ वेष्टनात भरलेला खिमा; आयरिश लोक त्यात पावाचा चुराही घालतात. बेकन म्हणजे मिठात मुरवलेल्या मांसाच्या चकत्या. कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नसत, म्हणून घरातील उरलेसुरले सॉसेज आणि बेकन गुरुवारी रात्री एका भांड्यात घालून संपवीत, अशी या प्रकाराची उपपत्ती सांगतात. ‘गलिव्हर’चा लेखक जोनाथन स्विफ्ट हा डब्लिनचा, त्यास कॉडल फार आवडे अशीही एक आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, नवरा कामावरून किती वाजता येईल याचा नेम नसलेल्या घरात हे भांडे तासन्‌तास चुलीच्या कडेला राहू शकते व बिघडत नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

पाच-सहा माणसांसाठी दीड किलो बटाटे, तीन मोठे कांदे, अर्धा किलो डुकराचे ताजे सॉसेज आणि पाव किलो बेकन घ्यावे. प्रथम पातेल्यात पाणी उकळून त्यात सॉसेज व बेकन पाच मिनिटे ठेवावे आणि बाहेर काढावे. हे पाणी फेकू नये. त्यात खारटपणा आणि स्निग्धांश उतरलेला असतो, आणि तोच पुढे रस्सा होतो. बेकनचे बोटाएवढे तुकडे करावे. कांद्याच्या जाड चकत्या कराव्या. बटाटे सोलून निम्मे जाडसर चकत्यांत व निम्मे मोठ्या फोडींत कापावे. जाड बुडाच्या पातेल्यात खाली कांदा, त्यावर सॉसेज व बेकन, त्यावर बटाटे, असे थर रचावे व प्रत्येक थरावर भरडलेली मिरी टाकावी. मघाचे पाणी गाळून, बटाटे जेमतेम बुडतील इतकेच ओतावे. वर घट्ट झाकण. एक उकळी आली की आच अगदी मंद करून तास-सव्वा तास हात लावू नये. शेवटी पार्सली नावाची पाने चिरून घालतात. ती न मिळाल्यास आम्ही कोथिंबीर घातली. तिचा वास अगदी निराळा, आयरिश मनुष्यास तो परका वाटेल, पण आमच्या घरी कुणी तक्रार केली नाही.

या कृतीत काही गोष्टी आपल्या गृहिणींस खटकतील. फोडणी नाही, हळद नाही, आणि मांस परतलेलेही नाही. सॉसेज शेवटपर्यंत फिक्कट गुलाबीच राहते, आणि प्रथमदर्शनी ते पाहून भूक वाढते असे आम्ही म्हणणार नाही. डब्लिनकरांतही काही जण ते आधी परतून घेतात व काही गाजर घालतात, आणि त्यावरून तेथे वाद होतात. आपल्याकडे आमटीत गूळ घालावा की न घालावा यावरून होतात तितपतच. मीठ मात्र आधी मुळीच घालू नये. बेकन स्वतः खारट असते, शेवटी चाखून पाहावे. बटाटा पिठूळ जातीचा असावा. त्याचा थोडा भाग विरघळून रस्सा दाट होतो, जे काम आपल्याकडे वाटण करते. शीतगृहात फार दिवस राहिलेल्या बटाट्यातील पिठाची साखर होऊ लागते व कालवण गुळचट लागते. आमचा पहिला प्रयत्न याच कारणाने फसला. दुसरा प्रयत्न वेळ वाचविण्यासाठी प्रेशर कुकरात केला. चार शिट्यांनंतर सॉसेजची वेष्टने फुटली आणि बटाट्याची खळ झाली. आमच्या मंडळींनी ती शांतपणे पाहिली व कुकर घासावयास आमच्याच हाती दिला.

शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, हेच भांडे सांगलीत व महाबळेश्वरात एका वेळी चढविले तर महाबळेश्वरचे मागे राहील. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच, तेथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वर सुमारे १३७० मीटर, तेथे ९५-९६ अंशांतच. चूल कितीही पेटवा, पाणी त्याहून तापत नाही. गंमत अशी की आपल्या मुलखात बटाट्याचे बस्तान बसविण्यात याच थंड डोंगराचा वाटा आहे. सुमारे १८३४ ते १८६४ पर्यंत तेथे चिनी कैद्यांचा तुरुंग होता. ते कैदी बटाटे व विलायती भाज्या पिकवीत. मायदेशापासून हजारो कोस दूर आणून सोडलेल्या त्या माणसांची नावे आज कुणाच्या तोंडी नाहीत. ‘बटाटा’ हा शब्द मात्र त्यांच्याआधीच पोर्तुगीजांबरोबर आला. मुळात कॅरिबियन बेटांवरील लोक रताळ्यास बटाटा म्हणत. युरोपियनांनी दोन्ही कंदांचा घोटाळा केला, आणि तो घोटाळा आपण रोज खातो.

डुकराचे मांस कच्चे राहता कामा नये, हे येथे स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात पट्टकृमी होतो. अशा रोग्याच्या विष्ठेतून कृमीची अंडी पाण्यात व भाजीपाल्यावर जातात, आणि ती ज्याच्या पोटात जातील त्याच्या मेंदूत गाठी होऊन फेफरे येऊ शकते. असा मनुष्य जन्माचा शाकाहारी असला तरीही ते चुकत नाही. म्हणून मांस आतपर्यंत गुलाबीपणा जाऊन शिजावे, आणि पालेभाजी व हात सर्वांनीच धुवावे. ज्यांस डुक्कर चालत नाही पण मटण चालते, त्यांनी मानेचे मटण, बटाटे व कांदे याच रीतीने शिजवावे. त्यासच आयरिश स्टू म्हणतात. साहेबांच्या बंगल्यांतील खानसाम्यांच्या तोंडी त्याचे ‘इष्टू’ झाले. मटणास वेळ जास्त लागतो, म्हणून बटाटे निम्म्या शिजण्यानंतर घालावे.

साताऱ्यात बेकन सहज मिळत नाही. पुण्याहून बर्फात घालून आणावे लागते. म्हणून तिसऱ्या खेपेस आम्ही बेळगावहून येणाऱ्या एका स्नेह्यास गोव्याचे चोरीस आणावयास सांगितले, आणि खरे सांगावयाचे तर हा प्रकार आम्हांस मूळ कॉडलहून सरस वाटला. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबे डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे मीठ लावून मुरवितात, मग माडाच्या ताडीचा शिर्का, लाल मिरची, लसूण, आले, मिरी, लवंग, दालचिनी यांत घोळून आतड्यात भरतात, दोऱ्याने गाठी मारून लहान लहान मणी करतात आणि उन्हात व धुरावर वाळवितात. माळेसारखे दिसतात म्हणून त्यांस जपमाळेची उपमा देतात. पावसाळ्यात मासळी मिळेनाशी होते तेव्हाची ही बेगमी. आपण पापड-सांडगे करतो त्याच दिवसांत त्यांची ही तयारी चाललेली असते. पाव किलो चोरिसास पाऊण किलो बटाटे पुरतात. दोरा व वेष्टन काढून मांस मोकळे करावे, कांदा व एक पेला पाणी घालून वीस मिनिटे शिजू द्यावे, मग बटाट्याच्या फोडी टाकाव्या. तेल लागत नाही. येथे एक खाचखळगा आहे : शिर्क्याच्या आंबटपणामुळे बटाटा लवकर मऊ होत नाही. आमसूल किंवा चिंच आधी घातली तर बटाटा दडदडीत राहतो हे आपल्याकडील प्रत्येक बाईस ठाऊक असते, कारण तेच. म्हणून घाई न करता आणखी पंधरा मिनिटे धीर धरावा. पावाबरोबर खावे.

चौथ्या वेळी बेकन मिळाले आणि कॉडल एकदाचे मनासारखे जमले. त्या दिवशी आमच्या मातोश्री गावाहून आल्या होत्या. त्यांनी बेकनचा तुकडा तोंडात घालून बराच वेळ चावला आणि म्हणाल्या, “हे तर आपल्या चान्यांसारखं लागतंय.” आमच्या मुलांना चान्या म्हणजे काय हे माहीत नव्हते. मग त्यांनी सांगितले की, त्यांच्या सासूबाई मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून, घरामागे दोरीवर वाळवीत. पावसाळ्यात कामधंदा नसला म्हणजे त्या निखाऱ्यावर भाजून किंवा डाळीत शिजवून घरातील अकरा माणसे जेवत. वरच्या आळीचे कुणी वाटेने येताना दिसले की आजी धावत जाऊन दोरी उतरवीत आणि वरून गोधडी टाकीत. एकदा गोधडी टाकताना दोरी तुटून सारे मातीत पडले. आजींनी ते धुऊन पुन्हा वाळविले आणि त्या दिवशी कुणाशी बोलल्या नाहीत. हे आमच्या घरचे असून आम्ही चाळिशी ओलांडीपर्यंत ऐकले नव्हते. आईने सांगितले नव्हते, कारण आम्ही कधी विचारले नव्हते. आणि कदाचित शिकलेल्या मुलास ते ऐकावयाचे नसेल असेही त्यांस वाटले असेल. मराठवाड्यातील महार-मांग समाजांच्या स्वयंपाकावर शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक लिहिले आहे. त्यात अशा वाळवणांची माहिती आहे. आम्ही ते मातोश्रींस वाचून दाखविले तेव्हा त्यांनी दोन ठिकाणी आम्हांस थांबवून, आपल्याकडची रीत निराळी होती, असे सांगितले. ती आता आमच्या वहीत लिहिलेली आहे. डब्लिनमध्ये कॉडल आज खाणावळींच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहितात आणि परदेशी पाहुणे पैसे मोजून ते खातात.

त्या रात्री उरलेले कॉडल सकाळी मातोश्रींनी गरम केले. त्यात भाकरी कुस्करली, बाजूला खर्डा घेतला आणि पातेले पुसून संपविले. गावी परतल्यावर दर रविवारी त्यांचा फोन येतो. ख्यालीखुशाली झाल्यावर त्या विचारतात, “ते बिनतिखटाचं पुन्हा केलंस का रे?”